मोंतेरुवाच्या हॉटेलात घ्यायची काळजी

४ मे २००८, रविवार. ट्रॉय, मिशिगन.
आजपासून रोजनिशी. कारण इटली. लग्नाची वीस वर्षं म्हणून दीपाने परस्पर हॉटेल बुक केलं. गावाचं नाव मोंतेरुवा, डोंगरात. मला विचारलंसुद्धा नाही. विचारलं की तुम्ही अभ्यास करायला घेता आणि अभ्यास संपेपर्यंत सीझन संपतो, म्हणाली. आरोप निराधार.
जाणार म्हणजे जाणार. प्रल्हाद साठे शब्दाचा पक्का आहे.
संकल्प: रोज एक तास प्लॅनिंग. आज वहीत ‘इटली’ हेडिंग काढलं आणि भोवती वर्तुळ रंगवलं. तेवढ्यात तास झाला.

६ मे.
फॉयरमधला, म्हणजे दारातल्या हॉलमधला, स्मोक अलार्म बीप करायला लागलाय. धूर नाही, बॅटरी संपत आली आहे. छत दोन मजली उंच. घर घेताना दीपाला तेच आवडलं होतं. ती शिडी आणायला निघाली. अडवलं. म्हटलं, पडशील, हे काम माझं. रविवारी करतो.

९ मे, रात्री.
हॉटेलची वेबसाइट नीट पाहिली. मागच्या पानावर एक फोटो आहे. हॉटेल कड्यावर. खालून वर जायला रोपवे. एका दोरीवर लोंबकळणारा डबा, आत माणसं हसतायत. का हसतायत?
तोंडचं पाणी पळालं. म्हणजे एसीमुळे घसा सुकला होता. भीतीचा प्रश्नच नाही. अकरा वर्षं ऑटो सप्लायरकडे क्वालिटीत काढली. फेल होऊ शकेल असा प्रत्येक पार्ट मला फेल झालेला दिसतो. याला भीती म्हणत नाहीत, रिस्क अ‍ॅनालिसिस म्हणतात.
दीपाला विचारलं, पायथ्याशी हॉटेल नाही का? ती म्हणाली, पायथाच बघायचा तर मिशिगन काय वाईट आहे.

११ मे, रविवार.
हॉटेलच्या मालकीणबाईंना ईमेल. रोपवेचा दोर शेवटचा कधी बदलला? सर्टिफिकेट स्कॅन करून पाठवाल का?
अलार्म: आज मदर्स डे. शिडीबिडी शोभलं नसतं.

१२ मे.
उत्तर आलं. बाई लिहितात, निश्चिंत या, माझे आजोबा आयुष्यभर याच रोपवेने रोज येत-जात.
आजोबा कशाने वारले, असं विचारलंय.

१५ मे.
आजोबांबद्दल उत्तर नाही. मौन बोलकं असतं.
एक चांगली बातमी. महाराष्ट्र मंडळाच्या न्यूजलेटरच्या संपादक उल्कामावशींनी लेख मागितला: ‘इटलीच्या डोंगरगावात हॉटेलमुक्काम, काही प्रॅक्टिकल टिप्स’. मी जाऊन आलेलो नाही ही अडचण नाही. जाऊन आलेले लोक बेसावध असतात. लगेच तीन टिप्स झाल्या.
एक: खोली तळमजल्यावरच मागावी.
दोन: तिथे रिसेप्शनवर पासपोर्ट मागतात. मुळीच देऊ नये. आपल्यासारख्यांचा पासपोर्ट म्हणजे जीव. तो परक्या बाईच्या ड्रॉवरमध्ये कसा ठेवणार?
तीन: बाथरूममध्ये शॉवरशेजारी कपडे वाळत घालायला बारीक दोरी लोंबत असते (वेबसाइटवर फोटो आहे). मोजे, रुमाल यांना उत्तम.
नेत्राने वाचलं. म्हणाली, डॅड, यू हॅव नेव्हर बीन देअर. सतरा वर्षांची मुलगी. बापाच्या लेखाला प्रोत्साहन शून्य.

१८ मे, रविवार.
अ‍ॅडव्हान्स परोल आला! ग्रीन कार्डाचा अर्ज पडून असताना देशाबाहेर गेलं तर परत आत यायला हाच कागद दाखवावा लागतो. नेत्रा इथे जन्मली, तिला काही नको. मला आणि दीपाला हवाच, आमच्या पासपोर्टातले व्हिसे कधीच संपलेत. परोल म्हटलं की मला येरवडा आठवतो, पण नाइलाज.
एवढा महत्त्वाचा आणि नुसता कागद! तिकडे बर्फ, ओल, सूप. सूप सांडलं म्हणजे? आपण अमेरिकेबाहेर, घर अमेरिकेत, हप्ते चालू. तडक कॉपी सेंटर गाठलं आणि माझ्या कागदाच्या आलेल्या सगळ्या मूळ प्रती लॅमिनेट करून टाकल्या. काय देखणं काम! माझं बीकॉमचं सर्टिफिकेट, रेशन कार्ड, आईची कुंडली, सगळं असंच जपलंय.
दीपाचाही मागितला. तिने दिला नाही. माझ्या कागदाला हात लावायचा नाही, म्हणाली. कुठे लपवलाय कोण जाणे. निष्काळजी बाई.
अलार्म: पूर्ण दिवस कॉपी सेंटरमध्ये गेला.

७ जून.
नकुल आणि त्याची बायको रुचा जेवायला. नकुल समोरच्या सबडिव्हिजनमध्ये राहतो, दोनदा युरोप करून आलाय आणि त्याला ते फार झालंय. अलार्म वाजला तसा वर बघत म्हणाला, यार, दोन मिनिटांचं काम आहे, मी चढतो. मी म्हटलं, पाहुण्याला काम लावत नाही आमच्याकडे, तत्त्व म्हणून. मग तो रोपवेबद्दल बोलला. मध्येच थांबतो कधीकधी, म्हणाला, वाऱ्याने झुलतो, मजा येते. श्रीखंड खाली उतरेना.
दीपाने सगळ्यांना फोटो दाखवला. बाल्कनी, दोन खुर्च्या, समोर डोंगर. ही तुमची आणि ही माझी, म्हणाली. इतकी खूश तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. मी दोन्ही खुर्च्या बाल्कनीच्या कठड्यापासून किती लांब आहेत तेवढं पाहून घेतलं.

१५ जून.
न्यूजलेटर आलं. टायधारी फोटोसकट लेख. फोनवर फोन. ट्रॉयभर मी इटलीतला जाणकार! एकांनी विचारलं, बाथरूममधल्या दोरीला चिमटे लागतात का. मी म्हटलं, न्यावेत.
बॅग भरली. माकडटोपी, दोन थर्मल, खाकरा, टॉर्च, शिट्टी. शिट्टी रोपवे अडकला तर.
पोटात सारखा गोळा. मेथीच्या पराठ्यांचा असावा.

१९ जून, गुरुवार.
निघायला दोन दिवस. इमिग्रेशनच्या वकीलबाईंना सहज फोन केला, डेट्रॉइटला उतरल्यावर रांग कुठली ते विचारायला. बोलता बोलता सांगितलं की मी कागद लॅमिनेट करून घेतलाय, तुमच्या बाकीच्या क्लायंट्सनाही सुचवा.
बाईंनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, सगळ्या प्रती? म्हटलं, सगळ्या. मग म्हणाल्या, एअरपोर्टवरचा ऑफिसर हा कागद मानेल याची खात्री मी देऊ शकत नाही, शिक्का कुठे मारणार तो? मी तुमच्या जागी असते तर देशाबाहेर पाऊल टाकलं नसतं. नवीन मागवा. नवीन यायला काही महिने.
दीपाला सांगितलं. वाटलं होतं आता घर डोक्यावर घेईल. तिने तो कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. छान झालंय, म्हणाली. मग बॅग उघडून माझी माकडटोपी बाहेर काढून ठेवली. पुन्हा म्हणाली, आधी मनाली रद्द, मग स्मोकी माउंटन्स रद्द, आता हे. मी आणि नेत्रा जातोय.
मी म्हटलं, तुम्ही दोघीच? रिस्क आहे. ती नेत्राचे मोजे बॅगेत भरत होती.
मन अगदी खट्टू झालं. मात्र पराठे चार गेले आणि किती तरी दिवसांनी गाढ झोप लागली. धक्क्याने असं होतं म्हणतात.

२१ जून, शनिवार.
दोघींना सोडून आलो. दीपाने वळून पाहिलं नाही. नेत्राने पाहिलं. म्हणाली, चेंज द बॅटरी, डॅड.
त्या येईपर्यंत बॅटरी बदलणार. हा संकल्प नाही, शपथ आहे. शिडी गॅरेजमध्ये आहे एवढं पाहून घेतलं.

२२ जून.
घर भलतंच मोठं वाटतंय. बीप. पंख्याचा आवाज. बीप. त्या दोघी आता विमानातून उतरल्या असतील. बीप. आता डब्यात बसल्या असतील. दोर. बीप.
टीव्ही मोठा लावला. हवामानाच्या चॅनेलवर आल्प्सचं वारं दाखवत नाहीत. अमेरिकेला जगाची पर्वा नाही.

२३ जून, सोमवार.
दीपाचा फोन, मोबाइलवर. पोचल्या. जीव भांड्यात पडला. रिसेप्शनवर पासपोर्ट मागितले, म्हणाली. मी ओरडलो, दिलेस? दिले, म्हणाली, पाच मिनिटांत परत मिळाले. मग विचारलं, अजून वाजतोच आहे का तो? इथपर्यंत ऐकू येतंय. मी म्हटलं, उद्या.

२४ जून.
प्रयत्न झाला. शिडी फॉयरमध्ये उभी केली. खाली गेस्टरूमची गादी. डोक्याला नेत्राचं सायकलचं हेल्मेट. दुसऱ्या पायरीपर्यंत सुरळीत. तिथून खाली पाहिलं. पाहायचं नसतं. पाय असे लटपटायला लागले की शिडीच बोलू लागली. कसाबसा उतरलो. शिडी डिफेक्टिव्ह आहे.
मग अक्कल चालवली. झाडूला झाडू बांधून खालूनच अलार्मला ठोसे दिले. झाकण गळून पडलं, थेट हेल्मेटवर. बीप तसाच, उलट आता मोकळा झाल्यासारखा.
झोप नाही, डोळे चुरचुरतायत. बिग बीव्हर रोडपलीकडे एक मोटेल आहे. एक-दोन रात्री तिथे काढतो. टिप्स प्रत्यक्ष तपासणं लेखकाचं कर्तव्यच आहे.

२५ जून, बुधवार. मोटेल, तळमजला.
काउंटरवरच्या बाईंनी आयडी मागितला. मी कंबरेच्या पाऊचवर हात ठेवून म्हटलं, पासपोर्ट मिळणार नाही. त्या म्हणाल्या, ड्रायव्हर्स लायसन्स चालेल. बाथरूममध्ये दोरी नाही, मोजे नळावर टाकले. तरी छान झोपलो. सगळं शांत.
सकाळी दीपाचा फोन. हसत होती. बाथरूममधल्या दोरीवर मोजे टाकले, तुमची टीप क्रमांक तीन. टाकल्याबरोबर अख्ख्या हॉटेलात घंटा. मालकीण, वेटर आणि शेजारच्या खोलीतले एक डॉक्टर धावत वर. कुणी पडलंबिडलं तर मदत बोलवायची ती दोरी, म्हणे! नेत्रा हसून हसून जमिनीवर बसली. मग बाईंनी दोघींना गरम सूप पाजलं. आजोबा चौऱ्याण्णवाव्या वर्षी झोपेत गेले, तुमच्या मिस्टरांना कळवा, म्हणाल्या.
मग दीपा म्हणाली, मलाही भीती वाटली हो. डब्यात बसल्यावर डोळे मिटून घेतले, नेत्राचा हात सोडला नाही. मला वाटायचं भीती फक्त तुम्हाला वाटते. बाल्कनीत बसलेय, बाजूच्या खुर्चीवर शाल ठेवलीय.
मी नळावरचे मोजे काढून घडी करायला घेतले.
तेवढ्यात ती म्हणाली, अहो, बीप ऐकू येत नाही. बदललीत? शिडीवर चढलात? मी तोंड उघडलं, तोवर तिने नेत्राला ओरडून सांगितलंही, बाबा शिडीवर चढले! पलीकडून नेत्राचं नो वे, गो डॅड! शाब्बास, दीपा म्हणाली. पुढच्या वर्षी तुमचा नवा कागद आला की आपण दोघं इथेच यायचं. आता तुम्ही नक्की याल.
मी म्हटलं, हं.
वीस वर्षांत तिने मला पहिल्यांदा शाब्बास म्हटलं, आणि मी मोटेलात.

२६ जून.
घरी परतलो. बीप. नकुलला फोन करायला घेतला, ठेवला. नकुलला सांगायचं म्हणजे रुचाला, आणि रुचाला म्हणजे दीपाला. चढायला हवं. भरपूर वेळ आहे.

२८ जून, शनिवार.
तीन पायऱ्या. वरची दांडी मिठी मारून धरली, डोळे मिटले. दीपाने मिटले तसे. तिला नेत्राचा हात होता, मला दांडी. पुढचा पाय उचलेना. तसाच उभा राहिलो, किती वेळ कोण जाणे. पोस्टमन काचेतून बघून गेला.
इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला भीती वाटते. रोपवेची, शिडीची, ऑफिसरच्या शिक्क्याची. ती परत यायच्या आधीच तिने मला शाब्बास म्हटलंय, त्याची सगळ्यात जास्त.
उद्या सकाळी ताज्या डोक्याने. फ्लाइट दुपारी आहे.

२९ जून, रविवार.
सकाळी ताजं डोकं नव्हतं. मग एअरपोर्टची वेळ झाली.
दीपा उन्हाने तांबूस झालीय. आली ती सरळ माझ्यापाशी, सगळ्यांसमोर मिठी. कारमध्ये रस्ताभर डोंगर. मी म्हटलं, सगळं सांगेन निवांत. ती म्हणाली, मीही.
दार उघडलं. बॅगा आत घेतल्या. तिघं फॉयरमध्ये उभे. मी मोठ्याने खोकलो, पण वेळ चुकली. बीप.
नेत्रा म्हणाली, डॅड? दीपाने वर पाहिलं. झाकण नसलेला अलार्म. मग कोपऱ्यातली शिडी, गादी, हेल्मेट. मग माझ्याकडे. पर्स ठेवली, चपला काढल्या, शिडी ओढली आणि ड्रॉवरमधून बॅटरी घेऊन चढायला लागली.
मी पळत जाऊन शिडी धरली. दोन्ही हातांनी, घट्ट. हात थरथरत होते, त्यामुळे शिडीही. ती अगदी वर पोचली तेव्हा मला खालून बघवेना, मी डोळे मिटले.
वरून म्हणाली, अहो, घाबरू नका, मी आहे.
मी जमिनीवर उभा होतो.