नकाशातली भिंत

६ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. कंबर धरल्यामुळे आठांपैकी सहाच अंगे पाठवतो आहे. उरलेली दोन येणे समज.

वि. वि. अशी की, तुझ्या डिंकाविरुद्ध मला रीतसर तक्रार गुदरायची आहे. तू पाकीट बंद करतेस की किल्ला लढवतेस? उघडता उघडता पत्राचा तळ फाटून पाकिटालाच चिकटून राहिला आणि तुझा उपदेश ‘त्या तपासनिसासमोर मुळीच’ इथे संपला. मुळीच काय? हसू नको? वाद घालू नको? फोन करून विचारलं असतं, पण तुला ऐकू जाईल एवढं ओरडायचं तर पलीकडे ही सगळं ऐकते.

आमचं स्थावर अजून स्थावरच आहे. बाबांनी घेतलेल्या भाडेपट्ट्याची आता सव्वीस वर्षं उरली. तिसाच्या खाली गेलं की बँक घरावर कर्ज देत नाही, म्हणून गिऱ्हाईक येतं, वारा खातं आणि जातं. मुदत वाढवून मिळाली तरच हे विकून तुझ्या शेजारचा तळमजला घेता येईल. त्याचे मालक, ते दंतवैद्य, एप्रिलअखेरपर्यंत तो आमच्यासाठी राखून ठेवताहेत, हा सगळा तुझा वशिला.

हिला चौथ्या मजल्यावरून खाली उतरून पुढच्या महिन्यात वर्ष होईल. जिना म्हटला की गुडघे संप पुकारतात. खुर्चीत बसवून नेऊ म्हटलं, तर विचारते, मी काय कपाट आहे का.

जमीनमालकांच्या कचेरीतून तपासनीस गुरुवारी येणार आहे. त्याचा शेरा चांगला पडला तर अर्ज पुढे सरकेल. तेव्हा उलट टपाली कळव, मुळीच काय?

लोभ आहे तेवढा राहू दे, डिंक कमी कर.

तुझा धाकटा

१० फेब्रुवारी

चि. पंडितास अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

पाकीट ओरबाडायची सवय तुझी, आणि बोल डिंकाला! मी लिहिलं होतं की तपासनिसासमोर मुळीच बाबांच्या भिंतीची गोष्ट काढू नको. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत बाबांनी कमरेपासून वर फोडली. पडल्या पडल्या तिला आपण दिसावं, उतू जाणारं दूध दिसावं म्हणून. छान केलं, पण मालकांची संमती कुठे घेतली? पट्ट्यात तर स्पष्ट लिहिलंय की विचारल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही. आता तिथे वहिनी झोपते. पडदा सोड आणि गप्प बस. घरात आलेल्या प्रत्येकाला, मीटर बघणाऱ्यालासुद्धा, ती गोष्ट ऐकवायची बाबांची खोड तुझ्यात पुरेपूर उतरली आहे, म्हणून जिवाला घोर.

दंतवैद्यांना मी रोज सकाळी गोड बोलून धरून ठेवलंय. दात मात्र दाखवणार नाही. वहिनीला सांग, इथे दाराशी बाक आहे, दोघींना पुरेल.

आशीर्वादात काटछाट नाही.

ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,

या खेपेस नमस्कार नव्हे, लोटांगण.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. तपासनीस गुरुवारीच येऊन गेला होता.

माणूस भला. त्याने फीत लावून खोल्या मोजल्या, नळ सोडून पाहिले, त्या फोडलेल्या भिंतीपाशी उभं राहून घर हवेशीर आहे म्हणाला आणि बूट घालून निघालासुद्धा. नकाशा पिशवीतून काढलाही नव्हता. मीच त्याला थांबवलं. म्हटलं, या हवेमागे एक गोष्ट आहे. सगळी सांगितली. गिलावा ओला असताना बाबांनी खिळ्याने कोरलेली तारीखही बोट ठेवून दाखवली. त्याने डोळे पुसले, खरंच पुसले. मग नकाशा उलगडला, तारीख टिपून घेतली आणि म्हणाला, काका, तुम्ही सांगायला नको होतं, आता मला हे लिहावंच लागेल.

काल कचेरीत जाऊन आलो. आधी भिंत नकाशाप्रमाणे पूर्ववत करायची, मग पुन्हा तपासणी, मग अर्ज. तपासणीची तारीख सांगत नाहीत, रांग आहे म्हणतात. म्हणजे हिला बाहेर काढायचं तर आधी आत चिणायचं. तर्कशास्त्रात अशा पेचाला नाव असेल, पण नावाने विटा हलत नाहीत. गवंडी सोमवारी येतोय.

हिला सांगितलं. मला वाटलं, चिडेल. तिने फक्त विचारलं की विटा वर कशा येणार. जिन्याने, म्हटलं. म्हणाली, विटांना जमतं म्हणायचं. मी हसलो, ती हसली नाही. मी चहा करताना ती पडद्याआडून मला साखर कमी घाला म्हणून दटावते, तेवढंच तिचं जग उरलं आहे, आणि ते मी माझ्या तोंडाने बंद केलं.

दंतवैद्यांना धरून ठेव. लोभ मागायचं या वेळी तोंड नाही.

आज सकाळी हिने बाहेरच्या चपला शेजारणीला देऊन टाकल्या. पडून पडून चामडं खराब होतं म्हणाली. ताई, उद्या मुदत वाढून आली तरी ही निघायचं नाही म्हणेल, अशी मला भीती वाटते.

तुझा धाकटा