गोळी कुटायची नसते

पुणे, २००९

आई, जय भीम.

उदासीची गोळी मी तुझ्या सांगण्यावरून लहानपणासारखी कुटून गुळात घेऊन राहिले होते. त्यामुळंच दुपारी गरगरायचं अन् संध्याकाळी मन पुन्हा खचायचं. आपण उगाच स्वस्त जेनेरिकला शिव्या दिल्या. डॉक्टर म्हणाले, मोठ्या कंपनीच्या महाग गोळीतही औषध हेच आहे. पण ही दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी आहे, कुटली तर सगळं एकदम अंगात जाते. आता अख्खी गिळते.

बाबाचे गुडघे कसे आहेत? मुर्री गावात कोणी माझ्या गोळीचं विचारलं तर लपवू नको, कायले लपवायचं?

काल नळावर एकीनं माझा हंडा मागं सारला. वर्षभर असं झालं की मी चूपचाप घरी येऊन निजायची. काल भांडले, आई. पाणी भरूनच आले.

तुझी पहिल्यासारखी भांडखोर,
अल्का