दुमडून टोचलेला चेहरा

१२ फेब्रुवारी, बुखारा

माझं आयुष्य बदललं ते आज सकाळी अकराच्या सुमारास. नुसरत उस्तादांनी माझी चाळीस चित्रं उलटसुलट पाहिली, बाजूला सारली आणि स्वतःच्या हातानं मला चहा ओतला. पेला अर्धाच भरला; इथल्या रीतीत त्याचा अर्थ, राहा, पुन्हा ओततो. मी राहिलो.

चित्रशाळा जुन्या सराईतल्या दोन खोल्यांत आहे. पुढच्या खोलीत आम्ही बसतो, मागच्या खोलीत कागद, रंग आणि उस्तादांची दुपारची झोप. खिडकीबाहेर एक तुतीचं झाड. माझी बैठक खिडकीशी! थोरले शिष्य जाफर-अका, म्हणजे जाफरदादा, यांनी आल्याआल्या माझं नाव ठेवलं: कॉलेजवाले. ताश्कंदचं कॉलेज मी तिसऱ्या वर्षी सोडलं, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. मास्तर वर्गासमोर म्हणाले होते की, तुला एकच मुलगी काढता येते, तीही धड नाही. मी ब्रश धुतलेलं पाणी त्यांच्या हजेरीपटावर ओतलं आणि निघालो. पश्चात्ताप नाही. पण ते खरंच बोलले होते. मी मुनिसाच काढतो.

तिच्या वडिलांनी शाहरिसब्झला मला दारातच सांगितलं, अर्धवट शिकलेल्याला मुलगी द्यायची नाही. मग म्हणाले, नवरोजपर्यंत, २१ मार्चच्या सणापर्यंत, एखाद्या उस्तादाची दुआ मिळवून ये, मग बोलू. दुआ मिळते ती पहिल्या स्वतंत्र कामाला. पाच आठवडे आहेत. मिळवतोच.

२० फेब्रुवारी

आठ दिवस नुसत्या रेघा. खारीच्या केसांचा ब्रश, श्वास रोखायचा, गवताच्या पात्यासारखी एक वळलेली रेघ. मग दुसरी. रोज तीनशे. उस्ताद जाता जाता एखाद्या रेघेवर नख ठेवतात, म्हणजे ती मेली. पहिल्या दिवशी सगळ्या मेल्या, काल सतरा जगल्या. मी संतापून ब्रश फेकला तर जाफर-अका म्हणाले, नवरदेव, ब्रश फेकायलाही मनगट लागतं, तेही तुमच्याकडे नाही. मला हसू आलं. इथे राग टिकत नाही.

आज आख्ता शिकलो. पातळ कागदावर आकृती काढायची, रेघेवर सुईनं जवळजवळ भोकं पाडायची. मग तो कागद चांगल्या कागदावर ठेवून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटायची. उचलला की खाली ठिपक्याठिपक्यांची तीच आकृती. वेलबुट्टी असेल तर कागद मधोमध दुमडून टोचतात, अर्ध्या मेहनतीत दोन्ही बाजू सारख्या.

चित्रशाळेतले सगळे चेहरे एकाच जुन्या आख्त्यावरून निघतात, गोल, चंद्रासारखे, कुणाचेच नसलेले. का, विचारलं. उस्ताद म्हणाले, आख्ता फुलांचा करावा, घोड्यांचा करावा आणि मेलेल्या माणसांचा करावा. एवढं म्हणून झोपायला गेले.

३ मार्च

आता हात ऐकतो! सकाळी दोनशे रेघांत एकही मेली नाही. उस्तादांनी नख न ठेवताच पान उलटलं. म्हणाले, आता स्वतःचा आख्ता कर, बघू.

जाफर-अकांनी सुचवलं, डाळिंबाची फांदी कर. मी हो म्हटलं आणि मुनिसा केली. समोरून, रुमाल मागे सरकलेला, ती बालवाडीतल्या पोरांना गाणं शिकवताना असते तशी. दोन कागद एकावर एक ठेवले, मधोमध दुमडले आणि टोचले. अर्धा चेहरा काढायचा, पूर्ण आपोआप. तिचा डावा डोळा उजव्यासारखा नाही, पण दुमडलं की दोन्ही सारखे होतात आणि खरं सांगायचं तर जास्त सुंदर दिसतात. सहाशे अकरा भोकं. प्रत्येक भोकाला तिचं नाव घेतलं. कुणी हसायचं तर हसो.

५ मार्च

उस्तादांनी आख्ता उजेडासमोर धरला. ठिपक्यांतून ऊन त्यांच्या दाढीवर पडलं. बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "जिवंत आहे?"

खरं सांगितलं तर पुन्हा सुरुवात, डाळिंबाची फांदी; ती हाताला बसायलाच मला पंधरा दिवस लागले असते. नवरोज सोळा दिवसांवर.

मी म्हणालो, "नाही उस्ताद. मनातली आहे."

त्यांनी हात पसरले, दुआ दिली. जाफर-अकांनी मिठी मारली. दुसरी प्रत त्यांनी डब्या रंगवणाऱ्या आपल्या मेव्हण्याकडे नेली, सणाला नवा चेहरा पाहिजे होता म्हणे. मला अभिमान वाटला. मुनिसाला फोन केला. ती रडली, मग म्हणाली की वडिलांना मीच सांगते, तू आलास की पुन्हा भांडशील.

९ मार्च

तिचा भाऊ सरवर माझा शाळेतला दोस्त. त्यानं कळवलं, मुनिसाच्या चेहऱ्यावर पुरळ आलंय. बारीक बारीक ठिपके, भुवयांवर, ओठांच्या कडेनं, ओळीत. डॉक्टर म्हणतात, काहीतरी खाण्यात आलं असेल. तिनं स्वतः लिहिलं, काळजी करू नकोस, लग्नापर्यंत जाईल.

मीही हसून सोडून दिलं. दुपारी मात्र आख्ता बाहेर काढून ठेवला.

१२ मार्च

सरवरनं फोटो पाठवला. मी मोजले. फोटो मोठा करून, नखानं एकेक ठिपका. डाव्या भुवईवर एकतीस. आख्त्यातही एकतीस. वरच्या ओठावर चव्वेचाळीस. आख्त्यात—

मेव्हण्याच्या दुकानात सकाळपासून पुरचुंडी थोपटतायत. सरवर लिहितो, तिला खोकला लागलाय, रुमालावर काळं येतंय. चुलीपाशी नव्हती म्हणे, बालवाडीत होती.

१३ मार्च

उस्तादांना सगळं सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. ते खालीच बसले. म्हणाले, "मी विचारलं होतं तुला, पोरा."

मग सांगू लागले की भोकं बुजवता येतात, मागून, तांदळाच्या खळीनं, ज्यानं टोचली त्यानंच. पण आधी दुसरी प्रत परत आण, मग—

मग काय ते मी ऐकलंच नाही. तिथूनच पळालो. मेव्हण्याचं दुकान बंद, तो माल घेऊन समरकंदला गेलेला. परत येऊन खळ शिजवली आणि माझ्या प्रतीची भोकं बुजवायला बसलो. आधी डोळे, मग भुवया. तिथेच जास्त दुखतं, असं ती म्हणाली होती. ओठांपर्यंत आलो तेवढ्यात फोन वाजला.

सरवर होता. त्याला नीट बोलता येत नव्हतं. मुनिसा दुपारी झोपली होती, उठली तर डोळे उघडत नाहीत. मग म्हणाला, उघडत नाहीत असं नाही. तिथे उघडायला काही नाहीच. कातडी आहे, सपाट, गालासारखी.

१५ मार्च

मेव्हणा आला. प्रत मागितली तर म्हणाला, चेहरा छान चालला, समरकंदच्या चार दुकानांनी उतरवून घेतला. चारांकडून आणखी कितींनी, त्याला माहीत नाही. मी त्याची कॉलर धरली. जाफर-अकांनी सोडवलं. मग त्यांनाही मी खरं सांगितलं.

बाजारात तिचा चेहरा डब्यांवर, तबकांवर. सगळीकडे ती हसतेय.

१६ मार्च

उस्ताद म्हणतात, दोन्ही प्रती एकावर एक ठेवून एकदमच बुजवायच्या होत्या; एकटी बुजवली की माणूसच बुजतो, आणि बुजवलेलं टोचून उघडत नाही. एकच गोष्ट उरलीय. तिला समोर बसवायचं आणि तिचे डोळे कागदावर हातानं रेखायचे, आख्त्याशिवाय, जसे होते तसे. एकदाच. चुकलं तर चुकलेलेच राहतील.

हात तर आता ऐकतो. सरवरला लिहिलं, घेऊन ये.

१८ मार्च

सराव. तीनशे डोळे काढले. सगळे आख्त्याचे. दोन्ही सारखे.

डाव्यात काहीतरी वेगळं होतं. पापणी? की बाहेरचा कोपरा— मी लिहूनही ठेवलंय की वेगळा होता. काय वेगळं ते लिहिलं नाही. जुनी चाळीस चित्रं बाहेर काढून पाहिली. सगळ्यांत डोळ्यांच्या जागी कोरा कागद. फोनमधल्या फोटोंतही. सरवरला विचारलं, तुझी बहीण आहे, सांग. तो म्हणाला, सुंदर होते रे. बाजारातल्या त्या डब्यांसारखे.

१९ मार्च

सहाशे डोळे. सगळे सारखे. हात चुकतच नाही.

रेघ मरतच नाही—

२० मार्च

आली. सरवर तिला आत सोडून सराईच्या फाटकाशी थांबलाय. उस्ताद, जाफर-अका अंगणात. आम्ही दोघंच.

माझ्यासमोर बसलीय. रुमाल नीट बांधलाय. भुवयांपासून गालांपर्यंत काही नाही. खाली ओठ आहेत, ठिपक्यांचे, काळे झालेले. म्हणाली, "घाई करू नकोस हं. मी हलणार नाही."

कोरा कागद पुढ्यात आहे. ब्रश भिजवला. टेकवला तर आख्त्याचाच डोळा येणार, मला माहीत आहे. वही ओढली आणि हे लिहितोय. पेन कागदावर करकरतंय. ती मान किंचित कलती करून ऐकतेय. तिला वाटतंय मी काढतोय.

हसतेय.

आत्ता विचारलं, डावा झाला का. मी हो म्हटलं.

पान संपत आलं. करकर थांबली की तिला कळेल. दार दोन पावलांवर आहे. चपला काखेत घेतल्यात. उठलो. अजून लिहितोय, उभ्यानं, भिंतीला वही टेकवून. तिचा चेहरा मी जिथे बसलो होतो तिकडेच आहे. बाहेर आलो. दार ओढून घेतो आणि पळतो—