राहिलेला जय भीम

मंगळवार संध्याकाळ, कॅरी, अमेरिका

गाडीत लेक आर्या शाळेत शिकलेल्या एका प्राचीन ग्रीक चरित्रकाराबद्दल सांगत होती. म्हणे माणूस लढायांतून नाही, एखाद्या बारीकशा कृतीतून कळतो. त्याचं हे म्हणणं लोक अजून मानतात. मागे बसलेल्या शेजारच्या काकूंनाही पटलं.

तेवढ्यात नागपूरहून वडिलांचा फोन. स्पीकरवर खणखणीत "जय भीम, बेटा!" माझं बोट आपोआप बटणावर. कॉल कट. "राँग नंबर," मी म्हणालो. काकूंनी विचारलंही नव्हतं.

राँग नंबर? स्वतःच्या बापाला? ते तर भर ऑफिसात साहेबालाही जय भीम करायचे.

काकू उतरल्यावर आर्या म्हणाली, "बाबा, दॅट वॉज द स्मॉल थिंग, राइट?"

आता तेच बोट वडिलांच्या नंबरवर अडलंय. त्यांच्या जय भीमला जय भीम म्हणायचं राहिलंय.