शिट्टी हातात

बाबा, हल्ली तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी तुमची शिट्टी आठवावी लागते. बँकेने बदली करून तुम्हाला कोलकात्याला पाठवलं आणि तुम्ही सुट्टीच्या दिवशी हौसेने रेफरी झालात. मी अकरावीत शाळा सोडली आणि पोटासाठी तेच काम धरलं. आता मला लीगचे सामने मिळतात.

कोलकात्यात बालीगंजच्या आपल्या घरी, स्वयंपाकघरात तुम्ही मला शिकवायचात, शिट्टी म्हणून हातात चमचा देऊन. आई पोळ्या लाटते आहे. तिने मुद्दाम लाटणं आपटलं की मी दचकून चमचा ओठांना लावतो आणि तुम्ही ओरडता, "शिट्टी ओठांत धरून पळू नकोस! हातात ठेव. हात तोंडाशी येईपर्यंत डोळ्यांनी पाहिलेलं डोक्यात तरी शिरतं." "अहो, आणि पोळी करपली तर फाऊल कोणाचा?" आई विचारते. "तुझाच. पण खेळ चालू, वाढ!" तुम्ही म्हणता. असे हसत शिकवायचात, तरी ओठांतली शिट्टी दिसली की चिडायचात.

गेल्या रविवारी बजबज गावातल्या सामन्यात ती माझ्या ओठांतच होती. वाजवायला आपल्याला उशीर होईल ही धास्ती माझी काही जात नाही, म्हणून शिट्टी तिथेच असते. यजमान संघ एका गोलने मागे, सामना संपत आलेला. त्यांचा फॉरवर्ड गोलसमोर घुसला, त्याला अडवणारा खेळाडू पडला आणि मी वाजवली. वाजवता वाजवताच दिसलं, तो चिखलात आपला आपणच घसरला होता, त्याला कोणी ढकललंच नव्हतं. पाठोपाठ चेंडू जाळ्यात गेला. पण शिट्टी झाली की खेळ तिथेच थांबतो, त्यानंतरचा गोल देता येत नाही. कुंपणापलीकडून कोणी ओरडलं, "ओ रेफारी, चोशमा कोई?" माझा चष्मा कुठे गेला म्हणून सगळे हसले. यजमान संघाची पोरं माझ्या अंगावर धावून आली. त्यांना अडवलं ते त्यांच्याच कॅप्टनने, वयाने माझ्याहून मोठ्या माणसाने. "शोर, शोर! बाशी बेजे गेछे," तो त्यांना मागे ढकलत म्हणाला. बाजूला व्हा, शिट्टी वाजून गेली आहे. मग माझ्याकडे वळून हळूच, "दादा, पोरेर बार एकटू देखे." पुढच्या वेळी जरा बघून.

ते हरले. हरलेल्या संघाकडे आपण होऊन जायचं आणि त्यांच्यात उभं राहून चहा घ्यायचा, ही तुमची पद्धत. "शिट्टी आपण वाजवली, तर तोंडही आपणच दाखवायचं," असं तुम्ही म्हणायचात. तुम्हाला लोक शिव्या देत, तरी तुम्ही जायचात. मी रेफरीच्या खोलीत बसून बुटाची नाडी सोडत आणि बांधत राहिलो. बाहेर त्यांचे आवाज ऐकू येत होते. शेवटी कॅप्टननेच मातीच्या भांड्यात चहा आत पाठवला, वर एक बिस्किट ठेवून.

येत्या रविवारी पुन्हा त्याच संघाचा सामना माझ्याकडे आहे. तुम्ही असतात तर काय करू म्हणून विचारलं असतं. हे पाठवायला पत्ता नाही आणि असता तरी मी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळू नये असं वाटतं. तो चहा मी प्यायलो नाही, बाबा. मोरीत ओतला आणि रिकामं भांडं त्यांना दिसेल असं दाराबाहेर ठेवलं.