हानाच्या खोलीचं दार

मंगळवार, संध्याकाळ. कोथरूड.

सून जर्मनीहून येऊन तीन महिने झाले. तिकडे म्हणे घरातसुद्धा आपापली दारं लावून बसतात. पहिल्याच आठवड्यात मी सुनावलं होतं, "हाना, आमच्याकडे दिवसा दार लावून बसत नाहीत." काय अडलं होतं माझं?

आज तिच्या आईचा फोन आला. माझा मुलगा अजय हडपसरला, कंपनीत. जरा वेळाने चहा घेऊन गेले, तर दार सताड उघडं आणि पोरगी उशीत तोंड खुपसून रडत होती. आवाज बाहेर येऊ नये म्हणून. मला पाहून गडबडीने डोळे पुसले.

"आई, दार नाही लावलं मी."

कप ठेवला. बाहेर येताना दार मीच ओढून घेतलं.

तेव्हा कुठे आतून रडण्याचा आवाज आला.