सूर्याच्या चालीनं वळणारी बोट

एडे बेट, ऑर्कनी
३ मे

सौ. रॅगनाताईस,
एर्लेंडचा साष्टांग. वि. वि.

ॲबरडीनच्या इस्पितळात पडून कंटाळली असशील. बाळ लाथा मारतंय ना? इथे पफिन आलेत, चोची रंगवून. सगळं ठीक आहे असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला.

ताई, मला भीती वाटते. परवा समुद्रतळाशी टर्बाइन उतरवायची रंगीत तालीम झाली. भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थबकतं, तेवढी वीस मिनिटंच आपली. धोक्यांच्या तक्त्यात ठळक लिहिलंय की तरंगता बोया सोडला की बोट डावीकडे वळवा, उजवीकडे दोरखंड आहे. मॅन्सीदाजींनी उजवीकडेच वळवली, सूर्याच्या चालीनं, त्यांच्या आजोबांपासून वळते तशी. दोरखंड बोटीखाली गेला, ताणला, आणि माझ्या गुडघ्याजवळून वीतभरावरून सणसणत गेला. मी तेव्हा पफिन बघत होतो.

दाजी म्हणाले, तुला लागलं का? नाही ना? मग वहीत काय लिहायचं, तुझा चेहरा? आणि ‘थोडक्यात टळलेले अपघात’ या वहीत मी ‘काही नाही’ लिहून सही ठोकली. सोळा तारखेला खरं धूड उतरवायचंय, दीडशे टनांचं. डेकवरच्या कुणीही हात वर केला की काम थांबलंच पाहिजे, असा नियम आहे. पण ज्यांनी मला या नोकरीला लावलं त्यांच्यासमोर हात वर कसा करू? सूप कुत्र्याला घातलं. त्यानंही वास घेऊन सोडलं, पण ते आईच्या हातचं होतं म्हणून.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा एर्लेंड

ॲबरडीन
८ मे

चि. एर्लेंडला,
अनेक आशीर्वाद, आणि एक कानाखाली. ‘काही नाही’ लिहिलंस म्हणून.

तुझं पत्र वाचल्यापासून माझा रक्तदाब चढलाय. नर्सबाई विचारतात, काय वाचलंत? मी सांगितलं, भावाचं अक्षर. मॅन्सी लग्नात मला चर्चभोवतीसुद्धा सूर्याच्या चालीनंच घेऊन गेला, चिखलातून. तो हट्टी नाही रे, घाबरट आहे. आमचं पहिलं बाळ गेलं त्या आठवड्यात त्यानं एकदा बोट उलटी वळवली होती. हे त्यानं कुणाला सांगितलेलं नाही. तू सांगू नकोस, पण हात वर कर. रागावलेला नवरा मी सांभाळीन. बुडालेला नवरा आणि भाऊ मला सांभाळता यायचे नाहीत.

आणि डेकवर पाखरांकडे नाही, पायांकडे बघ.

जपून राहा, एवढंच मागते.
तुझी ताई

एडे
३१ मे

सौ. ताईस,
सा. न. आम्ही दोघेही जिवंत आहोत, हे आधी वाच.

सोळाला सकाळी सुरक्षेच्या थोराबाईंनी तक्ता वाचून विचारलं, कुणाला काही? सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. मी हात वर केला. म्हणालो, तक्त्यात आहे तशी बोट डावीकडे वळवा. मागून कुणीतरी म्हणालं, चार बंदरं हिंडून आलंय पोरगं, आता आपल्याला दर्या शिकवणार! दाजी लाल झाले. मग हळूच म्हणाले की घरात मूल येणार असताना मी उलटा वळणार नाही, हवं तर दुसरा कप्तान आणा.

थोराबाई हसल्या नाहीत. त्यांनी तक्त्यात लिहिलं की बोट उजवीकडेच वळेल, दोरखंड डावीकडे न्या. त्यात ती वीस मिनिटं गेली. पाणी रोजच थबकतं, पण दीडशे टनांना पुरेल इतकं मंद पंधरा दिवसांनीच. पंधरा दिवस दाजी माझ्याशी बोलले नाहीत, माझ्या कुत्र्याशी बोलत.

काल पाणी थबकलं. बोट सूर्याच्या चालीनं वळली, दोरखंड लांब राहिला. धूड निम्मं पाण्यात गेलं आणि मी, तुझी शपथ, एकच पफिन बघितला. इतक्यात सगळं थांबलं. दाजींनी हात वर केला होता. मी खाली बघितलं तर माझा डावा पाय दोराच्या वेटोळ्यात. मी पाय काढला. दाजींनी हात तेव्हाच खाली घेतला.

टर्बाइन बसलं, तीन मिनिटं उरली असताना. किनाऱ्यावर दाजींनी वही मागवली. आधी एक मेची ओळ खोडून खरं लिहिलं, मग कालचं. खाली दोघांच्या सह्या आहेत. त्यांची माझ्याहून वाकडी.

लोभ ठेव, आणि माझ्या पायाची ही गोष्ट बाळाला सांगू नकोस.
तुझा एर्लेंड